तापणारी गाडी आणि कॉफीचं पाणी

अण्णा, गाडी का तापत होती ते कळलं.

एका ओळीत सांगता येईल, पण सांगणार नाही. उत्तर आधीच कळलेलं तुम्हाला कधी चालायचं नाही. गिरीश मालिकेतला खुनी कोण ते सांगायला लागला की तुम्ही कानांवर हात ठेवून पोर्चमध्ये निघून जायचात. तेव्हा क्रमानेच सांगते. क्रमाने सांगायचं तर मधे एक गोष्ट येते, जी मी मार्चपासून तुमच्यापासून लपवून ठेवली होती. खरं म्हणजे तीच सांगायला बसले आहे. गाडी हे निमित्त.

तुम्ही गेलात त्याला चाळीसेक दिवस झाले. राजाजीनगरच्या घरी पोर्चमध्ये गाडी उभी आहे, तुम्हाला आवडायची तशी, तोंड गेटकडे करून. मागच्या भिंतीवर खिळा आहे, खिळ्याला गेल्या डिसेंबरचं कॅलेंडरचं पान उलटं लावलेलं आहे, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर तुमच्या टूलरूमच्या अक्षरात संशयितांची यादी आहे. टूलरूमचं अक्षर म्हणजे काय ते मला ह्या घरात आल्यावर कळलं. एकेक अक्षर सुटं आणि सरळ, ड्रॉइंगवर लिहितात तसं. आयुष्यभर कारखान्यात दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी हत्यारं घडवलीत, निवृत्त झाल्यावर ही छोटी गाडी घेतलीत आणि मग कुठल्याही मेकॅनिकचा हात तिला लागू दिला नाहीत.

माझा हात चालायचा, कारण मी विचारलं होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, डोळे मिटून, मूर्खासारखं: "अण्णा, गाडी पेट्रोलवर चालते ना, मग पाणी कशाला लागतं?" गिरीश हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही चपला घातल्यात आणि बॉनेट उघडलंत. त्या दिवशी अक्कांनी जेवायला तीनदा हाका मारल्या. (सासूबाईंना ह्या घरात सगळेच अक्का म्हणतात, त्यांचा सख्खा मुलगा गिरीशसुद्धा. नागपूरच्या माणसाला हे पचायला वर्षभर लागतं.) तिसऱ्या हाकेला तुम्ही म्हणालात, "स्वल्प थांब गं, पोरीला रेडिएटर कळायलाय." मला रेडिएटर कळत होता हे खरंच होतं. इंजिनाभोवती फिरून तापलेलं पाणी समोरच्या जाळीत येतं, बाहेरची हवा त्याला थंड करते, ते परत आत जातं. इतकं सोपं, आणि बत्तीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चच्या मध्यावर तापमानाचा काटा पहिल्यांदा वर गेला. मग जातच राहिला. पण कसा जायचा ते बघण्यासारखं होतं. पळत्या गाडीत काटा मधोमध, शहाण्या मुलासारखा. सिग्नलला थांबलो की चढायला लागायचा. तुम्हाला गाडी तापल्याचं दुःख कमी आणि ह्या वागण्याचं कुतूहल जास्त होतं. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या तापाचं कौतुक करणारे डॉक्टर असतात ना, त्यातले तुम्ही.

एप्रिलचा तो रविवार आठवतो? मी तुम्हाला एचएसआरच्या आमच्या फ्लॅटवरून राजाजीनगरला सोडायला निघाले होते. सिल्क बोर्डच्या सिग्नलला नेहमीप्रमाणे अर्धं शहर उभं होतं. काटा चढू लागला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "हीटर लाव."

"अण्णा, एप्रिल आहे."

"म्हणूनच. हीटर म्हणजे काय? आतल्या बाजूचा छोटा रेडिएटर. इंजिनाची गरमी स्वल्प आपल्या अंगावर घ्यायची. लाव, लाव."

मी नागपूरची. उन्हाळा मला बेंगळुरूने शिकवू नये. पण एप्रिलच्या दुपारी, काचा खाली करून, हीटर पूर्ण उघडून, घामाने निथळत बसण्याचा मान माझ्या माहेरच्या कुणालाही मिळालेला नाही. काटा मात्र खरंच उतरला. शेजारच्या ऑटोवाल्याने आमची दशा बघून काय झालं म्हणून विचारलं, तर तुम्ही खिडकीतून अर्धे बाहेर येऊन त्याला कन्नडमध्ये हीटरची सगळी उपपत्ती समजावलीत. सिग्नल सुटला तरी तुमचं व्याख्यान संपेना, आणि तोही जाईना. मागून हॉर्नचा गदारोळ. मी त्या दिवशी इतकी हसले की मला पुढचं नीट दिसत नव्हतं.

त्याच संध्याकाळी तुम्ही कॅलेंडरचं पान खिळ्याला लावलंत. नियम दोन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि एखादी गोष्ट निर्दोष निघाली की तिच्यापुढे लिहायचं: हे नव्हे.

मी ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचाच पगार घेते. माझ्या कामात एखादी शंका चुकीची निघाली की मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे पडतात. तुमचा उजळायचा. थर्मोस्टॅटवर तुमचा पक्का संशय होता. इंजिन पुरेसं तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करून देणारी ती अंगठ्याएवढी झडप. ती अडकली असणार, पैज लाव, म्हणालात. मग ती काढलीत, दोऱ्याला बांधलीत आणि सरळ अक्कांच्या दुधाच्या पातेल्यात, पाण्यात सोडून गॅसवर ठेवलीत. आपण दोघं पातेल्यात डोकावून उभे. वाफेने तुमचा चष्मा धूसर झाला तसे तुम्ही मला म्हणालात, "तू बघ, तू सांग." आणि झडप उघडली, अगदी वेळेवर, फूल उमलावं इतकी अलगद. तुम्ही टाळी वाजवलीत. "सरी, बरोबर! हे नव्हे!" पैज हरल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. अक्कांनी ते पातेलं परत दुधाला घेतलं नाही ते नाहीच. ते अजून पोर्चमध्ये आहे, त्यात तुमचे नटबोल्ट आहेत.

मग रेडिएटरचं झाकण. हे नव्हे. रबरी नळ्या. हे नव्हे. पाणी फिरवणारा पंप. हे नव्हे. यादी वाढत गेली आणि आपलं भांडण एका जागी येऊन अडलं.

मी म्हणायचे, पंखा. धावताना वारा असतो, थांबल्यावर पंखाच लागतो. थांबल्यावरच तापते, म्हणजे पंखाच. तुम्ही म्हणायचात, "पंखा फिरतोय. ऐक." आणि खरंच फिरत होता. इंजिन तापलं की घर्रकन सुरू व्हायचा. शिवाय तो जुना नव्हताच. संक्रांतीच्या सुमारास जुन्या पंख्याची मोटर जळाली होती, तुम्ही जे. सी. रोडवरून नवी आणून स्वतः बसवली होतीत. मी टॉर्च धरला होता. यादीत पहिलं नाव त्याचंच होतं: पंखा, फिरतो, हे नव्हे.

"फिरतो म्हणजे काम करतो असं नाही," मी एकदा चिडून म्हटलं. "आमच्या ऑफिसात असे खूप आहेत."

तुम्ही हसलात, पण थोडे दुखावलातही. तो जोड तुमच्या हातचा होता.

दुसरी अडचण अशी की गाडी घरी कधी तापतच नव्हती. तुम्ही बॉनेट उघडून, स्टूल टाकून, अर्धा अर्धा तास इंजिन चालू ठेवून बसायचात आणि काटा मधोमध. आमच्या धंद्यात ह्याला फार वाईट नाव आहे. जी चूक डोळ्यांसमोर पुन्हा घडवता येत नाही, ती दुरुस्त झाली असं म्हणता येत नाही.

आता ती गोष्ट.

ह्या घरात पाण्याचे दोन वर्ण आहेत हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. नळाला येणारं कावेरीचं पाणी प्यायला आणि कॉफीला. बोअरचं पाणी बाकी सगळ्याला. बोअरच्या पाण्याची कॉफी अक्कांच्या मते कॉफीच नव्हे. आणि तुमच्या मते कॉफीला जे पाणी, तेच गाडीला. मी म्हटलं, अण्णा, दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, सगळे तेच घालतात. तुम्ही म्हणालात, "कावेरी असताना?" ह्यावरही आपलं भांडण अर्धवटच राहिलंय, आणि त्यात मी बरोबर होते. डिकीत तुमची एक लिटरची बाटली असायची, तिच्यावर चिकटपट्टी लावून टूलरूमच्या अक्षरात लिहिलेलं: गाडी.

मार्चच्या सुरुवातीला गाडी आठवडाभर आमच्याकडे होती. उन्हाळ्याने पाण्याची टंचाई आणलेली, सोसायटीत बोअरच्या पाण्याचे टँकरवर टँकर. त्या पाण्याची कॉफी खारट लागायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मला डिकीतली बाटली आठवली. मी तुमच्या गाडीचं पाणी आणून कॉफी केली, अण्णा. एकदा नव्हे, चार दिवस. काय सुंदर झाली होती. बाटली संपली तेव्हा मी ती आमच्या नळाखाली धरून भरली, पुसली आणि जागेवर ठेवली. पाणी ते पाणी, असं मनाशी म्हटलं. मला रेडिएटर कळत होता, तरी म्हटलं.

पुढच्या रविवारी तुम्ही गाडीची पातळी बघितलीत, थोडी कमी वाटली, आणि माझ्या देखत ती बाटली रेडिएटरमध्ये ओतलीत. सगळी. मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं असतं तर तुम्ही हसला असता फार तर. मी म्हटलं, "अण्णा, आज जेवायला काय आहे?"

आठ दिवसांनी काटा वर गेला.

तुम्ही ती रिकामी बाटली एकदा उजेडात धरलीत. आत पांढरा थर धरला होता. "ही कावेरी नव्हे," म्हणालात आणि गिरीशकडे बघितलंत. गिरीश म्हणाला, "मी तर बॉनेटसुद्धा उघडत नाही." मी भाजी निवडत होते. ती भाजी मी इतकी निवडली की शिजवायला काही उरलं नाही. तुम्ही "सरी" म्हणालात, रेडिएटर रिकामा केलात, धुतलात, नवं कूलंट आणि कावेरी घातलीत. यादीत लिहिलंत: पाणी बदललं, फरक नाही.

मला वाटलं, फरक कसा पडेल? क्षार आत बसले असतील. बारीक बारीक नळ्या बुजल्या असतील. जे व्हायचं ते होऊन गेलं. रोज वाटायचं, आज सांगू. मग तुम्ही पुढच्या संशयिताकडे वळायचात, इतक्या उत्साहाने, की मी सांगितलं तर खेळ मोडेल असं वाटायचं. हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण म्हणजे भीती. तुम्ही एकटेच ह्या घरात मला हुशार समजत होतात, ते मला गमवायचं नव्हतं.

शेवटच्या गुरुवारी तुमचा फोन आला. "वृंदा, एक नवीन डोक्यात आलंय. रविवारी ये, नोडोण, बघूया."

"बघू, बघू. अण्णा, मी मीटिंगमध्ये आहे. नंतर करते."

नंतर केला नाही. शनिवारी सकाळी कॉफीचा कप हातात घेऊन तुम्ही खुर्चीत बसलात आणि उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला आधी काय आठवलं असेल? की डोक्यात काय आलं होतं ते आता कुणाला विचारायचं. लाज वाटली मला माझीच.

तेराव्यानंतर गिरीश म्हणाला, "त्या गाडीनेच नेलं अण्णांना. दोन महिने उन्हात वाकून. छाती दुखत असेल तर आपल्याला सांगितलं तरी का?" तो रागावलेला नव्हता, रडत होता. त्याने स्क्रॅपवाल्याला फोन करून टाकला. मी म्हटलं, अजून थोडे दिवस दे. कशाला, ते सांगितलं नाही. माझ्या डोक्यात एक साखळी तयार झाली होती आणि ती तुटत नव्हती. माझी कॉफी, म्हणून बोअरचं पाणी, म्हणून गाडी तापली, म्हणून तुम्ही दोन महिने उन्हात वाकलात, म्हणून. ह्यातली पहिली कडी खरी आहे की खोटी, एवढंच मला हवं होतं. गिरीशने सोमवारपर्यंतची मुदत दिली. म्हणजे आजच्याच सोमवारपर्यंतची.

गेल्या शुक्रवारी मी सुट्टी घेऊन राजाजीनगरला गेले आणि तुमच्या यादीसमोर स्टूल टाकून बसले. पहिल्या ओळीपासून वाचलं. शेवटच्या ओळीला निकाल नव्हता. नुसतं लिहिलं होतं: बॉनेट? पुढे प्रश्नचिन्ह.

मला हसूच आलं. बॉनेट म्हणजे वरचं झाकण, ते कसं गाडी तापवणार? मग वाटलं, गुरुवारी डोक्यात आलेलं ते हेच. तुम्ही उगाच काही लिहिणारे नव्हतात. मी बराच वेळ त्या प्रश्नचिन्हाकडे बघत बसले, आणि मग माझ्यातल्या टेस्टरला जाग आली. रस्त्यावर तापते, घरी तापत नाही. घरात आणि रस्त्यात फरक काय? रस्त्यावर बॉनेट बंद असतं! घरी आपण बघायचं म्हणून ते उघडतो. आपल्या बघण्यानेच ताप उतरत होता, अण्णा.

गेट सताड उघडलं, इंजिन सुरू केलं, बॉनेट लावून टाकलं आणि काट्यावर डोळा ठेवून आत बसले. मधोमध आला. थांबला. पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. आणि काटा चढला! पोर्चमध्ये, घरच्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर. मी एकटीच ओरडले. तीन महिन्यांनी ती पहिल्यांदा आपल्यासमोर खरं बोलत होती. पण का? पंखा तर चालू आहे. मी हीटर उघडून काटा धरून ठेवला आणि विचार करत राहिले.

दिवेलागण झाली होती. शुक्रवार. अक्का दर शुक्रवारी देवाला, तुळशीला आणि मग गाडीला उदबत्ती ओवाळतात हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही हसायचात आणि तरी त्या वेळी बाजूला होऊन उभे राहायचात. आता तुमच्या फोटोलाही ओवाळतात. त्या बाहेर आल्या, गाडीच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या आणि हात फिरवू लागल्या. इंजिन चालू असताना त्यांनी असं कधी केलं नव्हतं. एरवी गाडी बंद असते. उदबत्तीचा धूर जाळीकडे गेला नाही. आडवा झाला आणि अक्कांच्या तोंडावर आला. त्यांना ठसका लागला.

"बघ की गं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "गाडी उदबत्ती घेईना. माझ्यावरच फुंकायली."

मी दार उघडून धावले. अक्कांचा हात धरून उदबत्ती परत जाळीसमोर नेली. धूर परत आमच्याकडे. दोनदा, तीनदा. एका तपासणीवर तुमचा विश्वास नसायचा म्हणून वर्तमानपत्राचं पान जाळीला लावून बघितलं. पंख्याने ते ओढून धरायला हवं होतं. ते उडून तुळशीजवळ पडलं.

कळलं ना, अण्णा? आता कळलं असेलच. पंखा फिरत होता. उलटा.

बाहेरची गार हवा आत ओढायची सोडून तो इंजिनाची गरम हवा रेडिएटरमधून समोर फुंकत होता. गाडी पळताना समोरचा वारा भरपूर, पंख्याची गरज नाही, काटा मधोमध. सिग्नलला फक्त पंखा, आणि तोच उलटा. बॉनेट उघडं असलं की वरून गार हवा मिळायची आणि सगळं सावरलं जायचं. संक्रांतीला बसवला तेव्हा बेंगळुरूचा गारठा होता, म्हणून मार्चपर्यंत कळलं नाही. नव्या मोटरचा प्लग जुन्यात बसत नव्हता, आठवतं? तुम्ही वायरी तोडून जोडल्या होत्या. दोन्ही काळ्या. कुठली कुठे हे बघायला खूण नव्हती. पंखा घर्रकन फिरला, तुम्ही म्हणालात "आयतु!", झालं म्हणून, आणि मी टॉर्च बंद करून टाळ्या वाजवल्या. कुठल्या दिशेला फिरतो हे दोघांपैकी एकालाही बघावंसं वाटलं नाही. चार महिन्यांत किती गोष्टींवर भांडलो आपण, ह्या एका गोष्टीवर नाही.

पहिल्यांदा मला आनंद झाला. पंखाच होता, मी म्हणत होते! मी वळले, तुम्हाला सांगायला. खरंच वळले, स्टूलाकडे. मग जे व्हायचं ते झालं. अक्का मला धरून पायरीवर बसल्या. रडता रडता मी त्यांना सांगितलं की जोड अण्णांच्या हातूनच चुकला होता. वाटलं, त्यांना लागेल. त्या म्हणाल्या, "संसारभर सांगत होते, हाताच्या कामात मी चुकत नाही म्हणून. जा, फोटोपुढं जाऊन सांग. मोठ्यानं सांग."

शनिवारी सकाळी गिरीश आला. मी बॅटरीची वायर सोडली, इंजिन गार होतं, तुमचा जोड उघडला. इतका सुबक जोड मी आजवर पाहिलेला नाही. तरी तोडला. दोन वायरींची अदलाबदल केली, परत जोडल्या, पट्टी गुंडाळली. टॉर्च गिरीशने धरला होता. मधेच त्याने विचारलं, "पण उलटा फिरला तरी हवा हलतेच ना? मग पाणी गार का नाही व्हायचं?" मी पान्हा खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. लग्नाला सहा वर्षं झाली, बॉनेटखाली बघून त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्याला पात्यांचा बाक दाखवला, आतली हवा किती तापलेली असते ते सांगितलं. अक्कांनी जेवायला दोनदा हाक मारली.

मग बॉनेट बंद करून इंजिन चालवलं. पंखा सुरू झाल्यावर अक्का उदबत्ती घेऊन समोर आल्या. धूर सरळ जाळीत शिरला. "घेतली गं," त्या म्हणाल्या.

काल रविवारी आम्ही तिघं सिल्क बोर्डला गेलो. तिकडे काही काम नव्हतं. मुद्दाम सिग्नलला अडकायला जाणारे बेंगळुरूत आम्हीच असू. वीस मिनिटं रखडलो. काटा मधोमध. अक्का पुढच्या सीटवर बसून काट्याकडे देवाकडे बघावं तशा बघत होत्या. "हीटर नको ना लावायला?" त्यांनी विचारलं. गिरीशने मागून स्क्रॅपवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. कारण विचारलं असावं त्याने, कारण गिरीश म्हणाला, "गाडी बरी झाली."

घरी आल्यावर यादी पुरी करायची म्हणून मी पान खिळ्यावरून काढलं. पहिल्या ओळीतलं "हे नव्हे" खोडलं आणि लिहिलं: पंखा, उलटा, हेच. माझं अक्षर तुमच्यापुढे फारच गचाळ दिसतं. पान परत लावताना ते हातात उलटलं. छापील बाजू. डिसेंबरच्या तारखा, सण, एकादश्या, आणि अगदी खालच्या समासात, पेन्सिलीने, बारीक. भिंतीकडे तोंड करून होतं म्हणून कुणी वाचलं नसेल. मी वाचावं म्हणून तुम्ही लिहिलंही नव्हतं.

बाटलीत बोअर. सूनबाईंची कॉफी झाली असणार. विचारायचं नाही.

त्याखाली, वेगळ्या दिवशी लिहिलेलं:

एक लिटरने रेडिएटर बुजत नाही. तरी हात लावून पाहिला, सगळीकडे सारखा गरम, कुठे गार जागा नाही. नळ्या मोकळ्या. कॉफी, हे नव्हे.

तुम्ही माझ्या कॉफीचीसुद्धा तपासणी केलीत, अण्णा. रीतसर. तापलेल्या रेडिएटरवर हात फिरवून. आणि निर्दोष ठरवून भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलंत. त्यानंतरही रविवारी मी आले की तुम्ही तसंच म्हणायचात, "तू बघ, तू सांग."

गिरीश माझ्या खांद्यावरून वाचत होता. "कसली कॉफी?" त्याने विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं, डिकी, बाटली, चार सकाळी, भाजी. तो आधी ऐकत होता, मग हसायला लागला, चाळीस दिवसांत पहिल्यांदा, आणि मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो पान हातात घेऊन स्टूलावर बसून राहिला. अक्का आतून विचारत होत्या काय झालं म्हणून.

तुम्ही विचारायचं नाही असं ठरवलं होतंत. म्हणून मीच सांगते आहे. पाणी मी बदललं होतं, अण्णा. फार सुंदर कॉफी झाली होती.